ब्लाउजचा हूक एका हाताने लावायचा तर

ब्लाउजचा हूक लावताना आपण नेमकं काय करतो, हे विचारलं तर पटकन सांगता येत नाही, कारण हात ते आपोआप करतात. मी एकदा आरशासमोर उभी राहून, हळूहळू हूक लावत आणि काढत, ते सगळं टिपून काढलं. उजव्या पट्टीच्या आतल्या अंगाला हूक असतात, डाव्या पट्टीवर लूप. डाव्या हाताने लूपपट्टी धरून ठेवायची, उजव्या हाताने हूकपट्टी ओढून लूपच्या पलीकडे न्यायची, हूक दिसत नसतो म्हणून बोटाने चाचपत त्याची जीभ लूपखाली घालायची आणि मग सोडून द्यायचं. सोडलं की कापड मागे सरकतं आणि हूक अडकतो.

खरी मेख त्या पलीकडे नेण्यात आहे. हुकाची जीभ चार-पाच मिलिमीटर लांब असते. ती अख्खी लूपपलीकडे गेल्याशिवाय आत शिरत नाही. म्हणजे ब्लाउज अंगावर जेवढा घट्ट बसणार आहे, त्याहून चार-पाच मिलिमीटर जास्तच ओढावा लागतो. प्रत्येक हुकाला, आणि काढताना पुन्हा तेवढाच. कापड आधीच ताणलेलं असतं, त्यामुळे सगळ्यात जास्त जोर या शेवटच्या पाच मिलिमीटरला लागतो.

धडधाकट बाईला हे जाणवतही नाही. पण बोटांत संधिवात आहे, खांदा आखडलाय, मनगट प्लास्टरमध्ये आहे, पार्किन्सनने हात थरथरतो किंवा अर्धांगवायूने एक बाजू गेली आहे, अशा बाईला तेच पाच मिलिमीटर ओलांडता येत नाहीत. मग घरातलं कोणीतरी हूक लावून देतं, किंवा ती बाई साडी सोडून गाऊनवर येते. गाऊन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईने केवळ पाच हुकांपायी साडी सोडावी, हे मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

मी भांडुपच्या एका कारखान्यात डायची, म्हणजे धातूला आकार देणाऱ्या साच्यांची, ड्रॉइंग करते. पत्र्याचे आणि तारेचे छोटे भाग, त्यांच्या डाय, त्यांची मापं, हा रोजचा व्यवहार. आमच्या आत्याला ब्रेन स्ट्रोक झाला आणि तिची डावी बाजू गेली, तेव्हा हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. आत्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन ती चालू लागली, डावा हात मात्र लुळाच राहिला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिला कपडे घालायची शिस्त शिकवली: घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. ती शिस्त आत्याने दोन दिवसांत आत्मसात केली. बाह्या जमल्या, परकर जमला, निऱ्याही कडेला पिना लावून जमवल्या. अडलं ते हुकांपाशी.

"अगं, बाकी सगळं मी करते," ती म्हणाली, "पण इथे मला दुसरा हात लागतोच. तो तू बनव."

आधी अर्थातच बाजारात मिळणाऱ्या गोष्टी करून पाहिल्या. टिचबटण लावायला ओढावं कमी लागतं, पण दाबावं लागतं, आणि छातीवर दाबायचं तर मागे टेकू काय? बरगडी. शिवाय आडवा ताण आला की टिचबटण एका कडेने सोलल्यासारखं सुटतं. वेल्क्रो एका हाताने उत्तम लागतो, पण तो आजूबाजूचं सगळं पकडतो. आत्याच्या एका रेशमी साडीच्या पदराचे धागे त्याने ओढून काढले, आणि धुण्यात त्यात इतका कापूस अडकतो की काही दिवसांनी पकडच ढिली पडते. चुंबकाची बटणं सरळ खेचली तर घट्ट धरतात, पण ब्लाउजवरचा ताण आडवा असतो आणि आडव्या ताणाला ती सरकतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांच्या छातीवर तर चुंबक नकोच. चेन लावायला खालची टोकं एकमेकांत बसवावी लागतात, तिथे पुन्हा दोन हात. आतून इलॅस्टिक लावून ब्लाउज डोक्यावरून घालायचा, हेही सुचवणारे भेटले. लुळा हात असलेल्या माणसाला डोक्यावरून घट्ट कपडा घालायला सांगून बघावं.

बरेच दिवस मी हुकाचीच चित्रं काढत होते. मोठा हूक, चपटा हूक, आखूड जिभेचा हूक, स्प्रिंगचा हूक. जीभ आखूड केली की ओढ कमी होते, पण हूक सुटतो. स्प्रिंग घातली की लावायला सोपा होतो, पण काढायला दोन बोटं आणि नख लागतं. पेटंटांचे जुने कागद चाळले तेव्हा दिसलं की याच वाटेने कितीतरी लोक जाऊन आलेत. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बटणं, बक्कल, चेन, टिचबटणं या सगळ्यांना ए४४बी हा वर्ग आहे आणि त्यात हूक-लूपला स्वतंत्र तेरावा गट. तो गट उघडला की एक अख्खं जग समोर येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या डीलाँग कंपनीने हुकाच्या जिभेवर एक छोटा उंचवटा आणला, त्यामुळे हूक आपोआप निसटेना. त्या उंचवट्याचीच त्यांनी जाहिरात केली. आज आपल्या हुकांवर जो बारीक फुगवटा दिसतो तो त्याच कुळातला. मार्क ट्वेन या लेखकाच्या नावावरही, म्हणजे त्याच्या सॅम्युएल क्लेमेन्स या खऱ्या नावावर, १८७१ चं एक पेटंट आहे: कपड्यांना लावायचा, कमी-जास्त करता येणारा आणि काढता येणारा पट्टा. चेनचंही तसंच. व्हिटकॉम्ब जडसनने १८९३ मध्ये पेटंट घेतलेली रचना अडकायची, सुटायची. आजच्या चेनसारखी चेन गिडिऑन सुंडबॅकने १९१३ च्या सुमारास केली. मधली वीस वर्षं अनेक डोकी त्या एका वस्तूवर झिजली. हे वाचून मला फार बळ आलं.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. पट्ट्या एकमेकींकडे आडव्याच ओढायच्या, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

उत्तर सापडलं ते आत्याकडे बघताना. ती उजव्या हाताने हूकपट्टी ओढायची तेव्हा अख्खा ब्लाउज अंगाभोवती फिरायचा. डावी पट्टीही उजव्या पट्टीबरोबर सरकायची, कारण तिला आडवं धरून ठेवणारं काहीच नव्हतं. मग तिने वैतागून पट्टी खाली खेचली आणि ब्लाउज जागच्या जागी थांबला. खाली खेचल्यावर तो कुठे जाणार? वर खांद्याची शिवण आहे, तिने त्याला धरलेलं आहे. आडव्या ओढीला दुसरा हात लागतो. उभ्या ओढीला तो खांद्याच्या रूपात आधीपासूनच आहे.

मग प्रश्न एवढाच उरला की खाली ओढलं तर पट्ट्या एकमेकींकडे कशा याव्यात. डायच्या कामात हे रोज करतो. प्रेस वरून खाली येतो आणि पत्र्याला आडवा ढकलायचा असतो, तेव्हा आम्ही तिरका कॅम, म्हणजे उतार दिलेला ठोकळा, लावतो. उताराने उभी हालचाल आडवी होते. इथे लूपची तारच तिरकी करायची होती.

आकार असा ठरला. उघडी सेफ्टी पिन खालच्या टोकावर उभी धरावी, तशी तार. डावा पाय सरळ, कापडाला शिवलेला. उजवा पाय खालून निघून वर जाताना उजवीकडे झुकलेला, कापडापासून दीड मिलिमीटर उचललेला आणि वरच्या टोकाला मोकळा. हूक या मोकळ्या टोकावर वरून चढवायचा. त्या उंचीवर तार उजवीकडे असल्यामुळे पट्टी ताणावी लागत नाही, ब्लाउज सैल असतानाच हूक चढतो. मग चिमटीत पट्टी धरून खाली ओढायची. हूक तारेवरून घसरत खाली येतो आणि येता येता उजवी पट्टी डावीकडे आणतो. हूक नेहमीचाच, बाजारातला. बदलायचा तो फक्त लूप.

पहिली मापं १५ मिलिमीटर खाली आणि ५ मिलिमीटर आत अशी होती, म्हणजे उभ्या रेषेपासून साधारण १८ अंशांचा उतार. हा कोन मी आकडेमोडीतून काढला होता. गुळगुळीत स्टीलवर स्टीलचा घर्षणांक ०.२ धरला तर घर्षणाचा कोन ११ अंश येतो. उतार त्याहून कमी ठेवला तर हूक तारेवर जिथल्या तिथे अडकून बसतो, ना खाली ना वर. उतार फार वाढवला तर खाली ओढायला पुन्हा जोर लागतो. १८ अंशांवर खाली ओढायचा जोर आडव्या ताणाच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो, आणि काढताना हूक जरा वर ढकलला की ब्लाउजचा स्वतःचाच ताण त्याला वर सरकवून मोकळा करतो. काढताना ताण आपल्या बाजूने असणं, हे मला या रचनेत सगळ्यात आवडतं.

तार गुलालवाडीतून आणली. गिरगावकडून सी. पी. टँकला उतरून पुढे गेलं की धातूची दुकानं लागतात, पितळ, तांबं, स्टील, पट्टी, सळई, तार. दुकानदार मापाचा तुकडा देत नाहीत, माल किलोवर. एक मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार किलोला साधारण १६० मीटर भरते. एका लूपला जेमतेम नऊ सेंटिमीटर लागते, तेव्हा एक किलो म्हणजे हजारावर लूप. शेठना मी ब्लाउजच्या लूपसाठी तार हवी म्हटल्यावर त्यांनी तीन प्रकारच्या तारा समोर ठेवल्या, प्रत्येकीचं टोक वाकवून दाखवलं आणि नीट समजावलं की कडक तार वाकवली की थोडी परत येते, त्यामुळे साच्यावर कोन जास्तच वाकवावा लागेल.

आधी ०.८ मिलिमीटरची तार घेऊन पाहिली होती. ती दिसायला नाजूक, पण मोकळं टोक लवत होतं. गोल तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.८ ची एक मिलिमीटर केली की तो जवळजवळ अडीचपट होतो, आणि फरक बोटाला लगेच कळतो. खऱ्या सेफ्टी पिनेत खाली वेटोळं असतं. १८४९ मध्ये वॉल्टर हंटने ते घातलं, कारण त्याला तिथे स्प्रिंग हवी होती. मला नेमका तिथेच ताठपणा हवा होता, म्हणून वेटोळं न घालता साधा वळसा ठेवला.

धातू कोणता घ्यायचा यावर मी बराच वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. आपले स्वस्त हूक बहुतेक लोखंडी तारेचे असतात, वर निकेलचा मुलामा. मुंबईच्या घामात मुलामा निघाला की गंजाचा डाग पडतो, आणि निकेल अंगाला लागून कित्येक जणींना छातीखाली खाज आणि चट्टे येतात. युरोपात अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. स्टेनलेसमध्येही निकेल असतं, पण ते धातूत बांधलेलं राहतं आणि फार थोडं सुटतं. ३०४ पेक्षा ३१६ जातीच्या स्टेनलेसमध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते घामातल्या मिठाला जास्त टिकतं. तार थोडी महाग पडली तरी मी ३१६ च धरली. जी वस्तू रोज दहा-बारा तास अंगाला चिकटून राहणार, तिच्यात काटकसर नको.

साचा मी आणि आमच्या गाळ्यातल्या मेस्त्रींनी मिळून केला. पोलादी पट्टीवर घट्ट पिना ठोकल्या, त्यांच्याभोवती तार फिरवायची आणि शेवटचा वाक चिमट्याने द्यायचा. तारेचं कापलेलं टोक सुरीसारखं असतं. ते तसंच ठेवलं तर धुण्यात कपडे फाडील, म्हणून मोकळ्या टोकाला बारीक गोल वळवून त्याचा मणी केला आणि ते टोक कापडापासून दोन मिलिमीटर वर उचललं. न बघता हूक चढवताना बोटाला आधी तो मणी लागतो आणि दिशा कळते. शिवायच्या कड्यांच्या आतली कडही तितकीच महत्त्वाची. तिथे बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहिली की दोरा चार धुण्यांत तुटतो. मेस्त्रींनी सगळे लूप स्टीलच्या गोळ्यांबरोबर ड्रममध्ये फिरवून काढले. बाहेर आले तेव्हा चकचकीत होतेच, पण मी नखाभोवती दोरा गुंडाळून तो प्रत्येक कड्यात घासून पाहिला, कुठे अडकतो का.

ते शिवायला दिले दादरच्या आमच्या टेलरकाकूंकडे. छबिलदासच्या गल्लीजवळ त्यांचं छोटं दुकान आहे आणि ब्लाउज या विषयात त्यांचा शब्द मी शेवटचा मानते. त्यांनी लूप हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, "अस्तर असलेल्या ब्लाउजचं काय?"

मी साध्या सुती ब्लाउजवर करून पाहिलं होतं. काकूंनी अस्तराच्या ब्लाउजवर लावून दाखवलं आणि मला मुद्दा कळला. हूक चढवताना उजवी पट्टी १५ मिलिमीटर वर असते. आधीचा हूक लागलेला असला तर दोन हुकांच्या मधलं कापड तेवढं गोळा व्हावं लागतं. सुती कापड गोळा होतं. अस्तर आणि बकरम, म्हणजे आत घालायचं ताठ कापड, असलेली पट्टी होत नाही, ती कमानीसारखी उभी राहते. मग मापं १२ खाली आणि ४ आत अशी केली. कोन तोच, वाट आखूड. हुकांची संख्या काकूंनी चारवर आणली आणि मध्ये फट पडू नये म्हणून पट्टीत थोडं नरम बकरम घातलं.

दुसरी गोष्टही काकूंनीच दाखवली. बहुतेक बायका हूक खालून वर लावत जातात. इथे तसं चालत नाही. खालचा आधी लावला आणि मग वरच्यासाठी पट्टी उचलली, की खालचा सरकून सुटतो. वरून सुरुवात केली तर प्रत्येक खालची ओढ वरच्या हुकाला आणखी घट्ट बसवते. काढताना उलट, खालचा आधी. आत्याला हे एकदा सांगितल्यावर तिने शाळेतल्या कवायतीसारखं मोठ्याने म्हणत चारही हूक लावले. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा तिने स्वतःचा ब्लाउज स्वतः लावला. मी फोटो काढला नाही. ती म्हणाली, "आता दाराबाहेर जा, मला साडी नेसू दे."

घरात जमलं, पण मुंबईत राहायचं तर ब्लाउज लोकलमध्ये टिकायला हवा. चार माणसांसमोर वस्तू येण्याआधी मी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज भरला. आपल्याकडे नावीन्य अर्जाच्या तारखेला मोजतात. वस्तू आधीच सगळ्यांसमोर उघड झाली असेल तर अडचण येऊ शकते. कायद्यात वाजवी चाचणीपुरती सूट आहे, पण त्या सवलतीवर विसंबण्यापेक्षा अर्ज आधी करणं सोपं. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, मात्र अर्ज घरबसल्या ऑनलाइन जातो. एकट्या व्यक्तीला अर्जाची फी १,६०० रुपये. त्यात चित्रं आणि वर्णन द्यायचं, आणि तिथून १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील. ज्यांच्या डोक्यात अशी एखादी वस्तू आहे त्यांनी ही पायरी महाग किंवा अवघड समजून टाळू नये. जुनी पेटंटं शोधायची सरकारी साइटही फुकट आहे. शोध मात्र स्वतः, मन लावून करावा. आपल्या वस्तूची सगळ्यात जवळची भावंडं आपणच ओळखू शकतो. माहीत असलेल्या वस्तूंची नुसती वेगळी मांडणी केली, प्रत्येकीचं काम आधीसारखंच सुटं चालू राहिलं, तर पेटंट कायद्याचं ३(एफ) हे कलम तिला शोध मानत नाही. म्हणून माझ्या वर्णनात भर होता तो तिरकी तार आणि खांद्याची पकड मिळून काय करतात यावर. एकटी तार नवीन नाही, एकटा उतार तर अजिबात नाही.

लोकलची चाचणी मी स्वतःवर केली, रोजच्या भांडुप ते सीएसएमटी प्रवासात. बसून काही झालं नाही. उभी राहिले, उजव्या हाताने वरचं हँडल धरलं, आणि घाटकोपर यायच्या आत वरचा हूक सुटला. हात वर गेला की उजवा खांदा वर जातो, त्याच्याबरोबर उजवी पट्टी, आणि हूक उताराची वाट धरून वर निघतो. डाव्या हाताने हँडल धरलं तर काहीच होत नव्हतं, उलट हूक आणखी घट्ट बसत होता. शेजारच्या बाईने पदर पुढे ओढून मला आडोसा केला, आणि मी उरलेल्या प्रवासात हात खालीवर करत नेमका कोणत्या उंचीला हूक निघतो ते बघत राहिले. घरच्या चाचण्यांत हे कधीच दिसलं नसतं. घरात हात इतका वेळ डोक्यावर धरून कोण उभं राहतं?

उपाय तारेच्या तळाशी होता. उतार संपतो तिथे तारेला उजवीकडे दीड मिलिमीटरची खाच दिली. हूक उतारावरून खाली आला की ब्लाउजच्या ताणाने उजवीकडे खाचेत बसतो. बसताना बारीक टक असा आवाज येतो, आणि बोटाला तो आवाजाच्या आधी कळतो. आता वर निघायचं तर आधी दीड मिलिमीटर डावीकडे यावं लागतं. हँडल धरलेल्या हाताने ते होत नाही. हूक काढताना अंगठ्याने वर ढकललं की होतं, कारण खाचेची वरची बाजू ४५ अंशांवर तिरकी ठेवली आहे. पाच मिलिमीटरची जादा ओढ दीडवर आली, आणि तीही उताराच्या मदतीने. पुढचे कित्येक आठवडे मी तोच ब्लाउज घालून, मुद्दाम उजव्या हातानेच हँडल धरून प्रवास केला. हूक सुटला नाही.

ही खाच प्रोव्हिजनल अर्जात नव्हती. ती संपूर्ण तपशिलात घातली. तेवढ्या भागाला अग्रक्रमाची तारीख, म्हणजे ज्या तारखेला नावीन्य मोजतात ती, नंतरची मिळते. पेटंटच्या सल्लागारांनी हे आधीच समजावलं होतं, आणि खाचेशिवायच्या वस्तूला मुंबईत तरी काही अर्थ नव्हता. संपूर्ण तपशील गेला, तपासणीसाठीची विनंतीही ४,००० रुपये भरून केली. अर्ज साधारणपणे पहिल्या तारखेपासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मग तपासनीसांचे आक्षेप येतात, मग उत्तरं. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं. ते काम त्याच्या गतीने चालेल.

दरम्यान आत्याच्या ओळखीतल्या संधिवाताच्या दोन बायका, आणि काकूंच्या गिऱ्हाइकांपैकी एक, जिचा उजवा हात गेलाय, या तिघी लूप वापरतात. डाव्या हातानेही तो लागतो, कारण पट्टी बाहेरूनच धरून खाली ओढायची असते. फक्त चिमटी उलट्या बाजूने येते आणि सवय व्हायला थोडे दिवस जास्त लागतात. संधिवातवाल्या एकीने सांगितलं की तिला चिमटीही नीट धरता येत नाही, पण पट्टीच्या कडेला आतून एक छोटी नाडीची कडी शिवून घेतली आणि त्यात बोट घालून ओढलं की लागतं. ती नाडीची कडी आता आम्ही सगळ्यांनाच शिवून देतो.

दोन गोष्टी अजून माझ्या मनासारख्या नाहीत. एक मिलिमीटरच्या तारेवर चढायला बाजारातल्या मोठ्या हुकाचीही जीभ पक्कडीने किंचित उघडावी लागते. हे टेलरवर सोपवणं बरोबर नाही. हुकात काहीही करावं लागू नये, म्हणून तार फक्त हूक बसतो तिथे थोडी चपटी करून पाहतोय. मेस्त्रींनी त्यासाठी फ्लाय प्रेसवर छोटा पंच बसवलाय.

दुसरी गोष्ट शिवणाऱ्या बायकांची. दुकानातले हूक-लूप बरेचदा घरी बसून काम करणाऱ्या बायका लावतात आणि त्यांना नगावर पैसे मिळतात. माझ्या लूपला तीन कड्या होत्या, म्हणजे नेहमीपेक्षा एक जागा जास्त शिवायची. आत्याच्या सोयीची किंमत त्या बाईच्या वेळातून वसूल व्हायला नको. मधली कडी काढून दोनच कड्यांचे लूप केले आहेत. डावा पाय दोन टोकांनाच शिवला तर ताणाखाली तो पिळतो का, एवढंच बघायचं राहिलंय. काकूंनी दोन ब्लाउज शिवून दिलेत, एक आत्याच्या अंगावर आहे, एक माझ्या.